गंजून बसलेला चिमटा: पंधरा वर्षं जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन उतरवताना

गाडी डिझेल हॅचबॅक, नोंदणी नोव्हेंबर २०१० ची. सुरुवातीची काही वर्षं मुंबईत, समुद्राच्या वाऱ्यात उघड्यावर उभी. नंतर चोपडा तालुक्यात, केळीच्या बागांकडे जाणाऱ्या पाटाच्या रस्त्यांवर. इंजिन अजून ठणठणीत आहे. पण २०२५ च्या पावसाळ्यात पुढून टक-टक वाजायला लागली, हळू वेगात खड्ड्यात उतरली की जास्तच, आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली. नोव्हेंबरात पंधरा वर्षं भरणार, म्हणजे फेरनोंदणी आणि त्यासाठी आरटीओची तपासणी. काम पुढे ढकलायची सोय उरली नव्हती. ज्यांची गाडी याच वयाची आहे आणि ज्यांना गॅरेजवाल्याने "बोल्ट निघणार नाही" असं सांगून परत पाठवलंय, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितो आहे.

ऑगस्टच्या शेवटी आधी आवाज नेमका कुठला ते शोधलं. चाक उचलायचं आणि घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं. खेळ जाणवला तर बेअरिंग तरी गेलंय किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा गोळीचा सांधा, तरी. मग दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवायचं: खेळ गायब झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा. तीन आणि नऊच्या जागी खेळ असेल तर टाय रॉडचं, म्हणजे चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याचं, टोक बघायचं. बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, मात्र हाताने हलवून कळत नाही. चिमटा, म्हणजे चाकाला खालून धरणारा लोअर आर्म, आणि क्रॉस मेंबर, म्हणजे तो ज्याला जोडलेला असतो ती गाडीखालची आडवी पोलादी पेटी, यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून दाब द्यायचा आणि बॅटरीच्या उजेडात रबर बघायचं. आमच्या गाडीत दोन्ही चिमट्यांचे मागचे बुश फाटले होते, डावा बॉल जॉइंट ढिला होता आणि डाव्या लिंक रॉडचं रबरी टोपण फुटून ग्रीस बाहेर आलं होतं. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या मुलखात पंधरा वर्षं टिकलेलं रबर, त्याच्याकडून आणखी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता.

सुटे भाग महाग नाहीत. अडचण ते उतरवण्याची होती. जळगावात अजिंठा चौफुलीच्या बाजूला विचारलं, अमळनेरला विचारलं. खाली वाकून बोल्ट पाहिले की प्रत्येकाचा चेहरा पडायचा. एकाने सरळ क्रॉस मेंबरसकट सगळं बदलायचा हिशेब दिला, चाळीस हजारांच्या घरातला. ऐकून धीर खचतो. पण त्याचंही म्हणणं खोटं नाही. चिमट्याच्या बुशचा बोल्ट ज्या नटात बसतो तो नट क्रॉस मेंबरच्या पेटीत आतून वेल्ड केलेला असतो. जोर लावताना ते वेल्ड सुटलं तर नट आत गरगर फिरतो, बोल्ट ना मागे येतो ना पुढे जातो, आणि गाडी रॅम्पवर अडकून पडते. हजार-पंधराशे मजुरीसाठी हा धोका कोण घेणार? शेवटी अमळनेरचे एक जुने मिस्तरी तयार झाले. अट एकच: घाई करायची नाही आणि गॅस वेल्डिंगवाला हाताशी हवा.

इथे समुद्र नाही, मग इतका गंज कुठून, असं कुणालाही वाटेल. मुंबईच्या खाऱ्या हवेने सुरुवात करून दिली होतीच. पुढचं काम काळ्या मातीने केलं. ही माती पावसाळ्यात क्रॉस मेंबरच्या खोबणीत आणि बुशभोवती ठासून बसते, वरून सुकली तरी आत ओल धरून ठेवते, आणि ती ओल महिनोन् महिने बोल्टाला चिकटून राहते. त्यात केळीवाल्यांच्या गाडीत खताच्या गोण्या ठरलेल्या. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठाचा सख्खा भाऊ. सांडलेलं खत पाण्याबरोबर फटीफटींतून खाली उतरतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून बोल्ट आणि त्याच्याभोवतीची नळी यांतली केसाएवढी फट भरून दोन्ही एकमेकांत घट्ट रुततात.

कागदाचं गणितही इथेच जुळवून घेतलं, कारण कामाच्या तारखा त्याच्यावर ठरणार होत्या. खासगी गाडीच्या आरसीची मुदत पंधरा वर्षांनी संपते. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून नमुना २५ मध्ये फेरनोंदणीचा अर्ज करता येतो, तोही परिवहनच्या पोर्टलवर. १५ ते २० वर्षांच्या मोटारीला शुल्क ५,००० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून अर्जाची खिडकी उघडी, तपासणीची तारीख नोव्हेंबरच्या सुरुवातीची घ्यायची, आणि मधल्या काळात काम. दिवाळीच्या आठवड्यात सुटे भागही मिळत नाहीत आणि मिस्तरीही, हे लक्षात ठेवून दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात काम धरलं.

गंज सोडवायचं तेल मात्र सप्टेंबरपासूनच. आधी प्रेशरच्या पाण्याने खालची माती काढली, गाडी दोन दिवस वाळू दिली, मग तारेच्या ब्रशने बोल्टाचं डोकं आणि आट्यांचं उघडं टोक चकाकेपर्यंत घासलं. हा भाग बरेच जण गाळतात आणि मातीवरच फवारा मारतात. तेल मातीने पिऊन टाकलं की आत काय जाणार? गंज सोडवणारा स्प्रे २५० ते ३५० रुपयांना मिळतो. साधा डब्ल्यूडी-४० ओल घालवायला चांगला, पण खोल गंजात शिरायला तो कमी पडतो. मिस्तरी स्वतः पॉवर स्टिअरिंगचं तेल, म्हणजे एटीएफ, आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून वापरतात. तेल झिरपतं, पण मिश्रण पेट घ्यायला क्षणही लागत नाही; काचेच्या छोट्या बाटलीत, लागेल तेवढंच करायचं आणि ज्या दिवशी गॅस लावायचा त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी दोन्ही टोकांना थोडंथोडं सोडायचं आणि बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने सरळ पाच-सात ठोके. ठोक्याने गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि तेल त्यातून शिरतं.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मिस्तरींनी प्रत्येक बोल्टाजवळ खडूने खूण केली. गोल म्हणजे वाचवायचा, फुली म्हणजे गेला तरी चालेल. या सगळ्या कामातली खरी मेख तीच. नकल (चाक ज्यावर बसतं तो ओतीव तुकडा), क्रॉस मेंबर, आतले वेल्ड केलेले नट आणि ब्रेकचे पाइप हे वाचवायचे. चिमटा, लिंक रॉड आणि झाडून सगळे बोल्ट नवीनच येणार होते, म्हणजे ते कापा, जाळा, तोडा. एकदा हे पक्कं झालं की पान्याशी झुंजण्यात वेळ जात नाही, कारण जुना बोल्ट अखंड काढण्याचं काही बक्षीस नसतं. दुसरा प्रश्न: नेमकं काय अडकलंय? आटे, बोल्टाचा गुळगुळीत दांडा, की टेपर, म्हणजे निमुळता दांडा? तिन्हींना औषध वेगळं.

गाडी सिमेंटच्या फरशीवर घेतली. काळ्या मातीच्या अंगणात जॅकवर गाडीखाली जाणं म्हणजे जिवाशी खेळ. मागच्या चाकांना दगड, पुढे दोन्ही बाजूंना घोडी (जॅक स्टँड), आणि काढलेली चाकं दाराखालच्या पट्टीखाली आडवी सरकवून ठेवलेली, म्हणजे घोडी सरकलीच तर गाडी चाकावर टेकेल. डोळ्यांना चष्मा हवाच. खाली झोपून वर हातोडा मारला की गंजाचा पहिला पापुद्रा सरळ डोळ्यात येतो.

सुरुवात लिंक रॉडने. त्याचा नट फिरवला की आतला स्टडही बरोबर फिरतो. स्टडच्या टोकाला ॲलन की बसायला षटकोनी खाच असते, पण गंजलेल्या खाचेत की घसरून खाच गोल होते. त्यात वेळ घालवला नाही. फुलीचा माल होता. ४ इंची ग्राइंडरला १ मिमी जाडीची कटिंग डिस्क, नट आणि स्टड एका रेषेत उभा कापला, मिनिटाभरात मोकळा. ठिणग्यांच्या दिशेला ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर येते, त्यावर आधी ओलं गोणपाट टाकलं होतं.

टाय रॉडचं टोक टेपरवर बसतं. स्प्लिट पिन काढली, नट सोडवून शेवटच्या दोन-तीन आट्यांवर ठेवला, म्हणजे टोक सुटताना उडत नाही. नंतर नकलच्या ज्या कानात टेपर बसतो त्या कानावर आडवे ठोके, मागच्या बाजूला जड घण टेकवून. कान क्षणभर दबतो आणि टेपर सुटतो. आट्यांवर ठोके मारायचे नाहीत, टोक फुलतं आणि नट निघत नाही. दुबेळक्याची पाचर ठोकूनही टेपर सुटतो, पण त्यात रबरी टोपण हमखास फाटतं. टाय रॉडचं टोक पुन्हा वापरायचं असेल तर ती लांब ठेवायची.

आता बॉल जॉइंट. त्याचा दांडा नकलच्या चिरेत बसतो आणि चिरेतून आडवा जाणारा बोल्ट त्याला आवळून धरतो. या बोल्टाचा पोटाचा भाग दांड्याच्या खाचेतून जातो, म्हणून तो नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर यावा लागतो. नट निघाला. बोल्ट जागचा हलेना. हे लक्षण आटे नव्हे तर दांडा अडकल्याचं. पान्याची गोटी (सॉकेट) सहा कोनीच हवी, बारा कोनी गोटी किंवा रिंग पाना गंजलेलं डोकं गोल करतो. टी-हँडलला चार फुटी पाइप घातला तेव्हा डोकं किंचित वळलं आणि पाइपात एक मऊपणा जाणवला, लोखंड पीळ घेतंय तसा. मिस्तरींनी लगेच हात धरला: "जोर नको लावू भाऊ, डोकं उडी जाई." बोल्ट वळत नसताना हँडल वळत असेल तर तो पिळला जातोय. पुढचा टप्पा तुटण्याचाच.

मग गॅस. ब्युटेनच्या छोट्या टॉर्चने नकलसारखा जाड ओतीव तुकडा तापत नाही, ऑक्सिजन-ॲसिटिलीनच लागतो. तापवायचं ते बाहेरचं, म्हणजे नकलचा कान. बोल्टावर ज्योत धरली तर बोल्टच फुगून आणखी आवळतो. १२ मिमीचं भोक ४०० अंशांनी तापलं तर जेमतेम ०.०६ मिमी मोठं होतं, पण गंजाचा थर फुटायला तेवढं पुरतं. कान मंद लाल दिसायच्या आधीच ज्योत बाजूला केली आणि फटीवर पांढरी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून धूर करत आत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. आता आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने, पाव-पाव फेरा पुढे-मागे. पहिला करकर आवाज आला की समजायचं गंज फुटला. तो आवाज ऐकल्यावर घाई होते, पण तेव्हाच बोल्ट तुटतात. पुढे-मागे चालू ठेवून दर फेऱ्याला मेण देत गेलं की बोल्ट गरम तुपासारखा बाहेर येतो.

गॅसच्या बाबतीत काही गोष्टींवर तडजोड नाही. शॉकॲबच्या नळकांड्याला ज्योत लावायची नाही, आत दाबाखाली तेल आणि गॅस असतो, तो फुटतो. शॉकॲबच्या वरच्या टोकाचा मधला नट स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय सोडायचा नाही, हा वेगळा मुद्दा पण जीव घेणारा. ब्रेक क्लीनर आणि ज्योत एकत्र नकोत; क्लोरीनवाल्या क्लीनरचा धूर विषारी होतो. एक्सलच्या रबरी बूटावर ओलं फडकं, शेजारी वाळूची बादली आणि अग्निशामक. ज्या बोल्टाला लाल होईपर्यंत तापवलं तो पुन्हा वापरायचा नाही, त्याचा कडकपणा गेलेला असतो.

बोल्ट निघाल्यावरही बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये चिकटलेलाच होता. चिरेत पातळ छिन्नी ठेवून हलकेच ठोकली. इथे हात आवरायचा: ओतीव कान जास्त फाकवला की तडकतो आणि मग नकलच नवीन. दोन-तीन हलके ठोके, तेल, चिमट्यावर लांब पाइपने खाली दाब, आणि दांडा सुटला. सुटताक्षणी नकल बाहेर झोकांडी खाते. तिला आधीच तारेने स्प्रिंगला बांधून ठेवली होती. तशी सोडली तर एक्सलचा आतला सांधा निसटतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो.

खरी लढाई बुशच्या बोल्टांशी. आमच्या गाडीत पुढचा बुश आडवा आहे: बोल्ट बुशच्या आतल्या पोलादी नळीतून जाऊन क्रॉस मेंबरमधल्या वेल्ड नटात बसतो. डाव्या बाजूचं डोकं फिरवलं की ते थोडं फिरायचं आणि सोडल्यावर परत मूळ जागी यायचं. या परत येण्यातच निदान आहे. आटे अडकले असते तर डोकं हललंच नसतं. इथे बोल्टाचा दांडा नळीला चिकटला होता, नळी रबराला, आणि रबर पीळ घेऊन सगळ्यांना परत आणत होतं. अशा वेळी बोल्ट फिरवत राहिलं तर नटाच्या वेल्डवर झटके बसतात. रबर जाळून नळी मोकळी करायचा उपाय काही जण करतात. जळक्या रबराचा धूर छातीला वाईट आणि पेटलेलं रबर विझता विझत नाही, म्हणून तो सोडला.

बोल्ट कापायचा ठरला. बुशचं रबर आणि क्रॉस मेंबरचा कान यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना दोन-तीन मिमीची फट असते, तिथे फक्त आतली नळी आणि तिच्यातला बोल्ट असतो. डोक्याकडची फट ग्राइंडरने कापता आली. नटाकडच्या फटीपर्यंत डिस्क पोहोचत नाही, तिथे हॅक्सॉचं नुसतं पान, इंचाला २४ दातांचं, बायमेटल, एका टोकाला कापड गुंडाळून. १०.९ ग्रेडचा बोल्ट कडक असतो. घाईने भराभर ओढलं की दात तापून बोथट होतात. सावकाश, लांब ओढ, मधूनमधून तेलाचा थेंब. दोन पानं त्यात खर्ची पडली. दुसरी बाजू कापली गेली तेव्हा चिमटा आपल्या वजनाने खाली आला, नळीत अडकलेला बोल्टाचा तुकडा पोटात घेऊन.

वेल्ड नटात उरलेला तुकडा कानाच्या बाहेर किंचित डोकावत होता. त्यावर मोठ्या मापाचा नट ठेवला आणि नटाच्या पोटातून वेल्डिंग भरलं. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि अर्थचा क्लॅम्प क्रॉस मेंबरलाच, कामाच्या अगदी जवळ लावायचा. नाहीतर प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्याच्या गोळ्यांवर डाग पडतात. वेल्डची लाली गेली की अजून गरम असतानाच पाना लावायचा. वेल्डच्या उष्णतेने तुकडा फुगून आकसतो, त्यामुळे आट्यांची पकड सुटते. पहिला वेल्ड केलेला नट निखळून आला, दुसऱ्याने तुकडा फिरला. इथे स्क्रू एक्स्ट्रॅक्टर वापरायचा मोह होतो. पातळ बोल्टात तो आत मोडला की त्याच्या कडक पोलादात ड्रिलही शिरत नाही, आणि साधं काम अवघड होऊन बसतं.

उजव्या बाजूला व्हायचं तेच झालं. बोल्ट सुरुवातीला छान फिरला, मग एकदम हलका झाला, आणि आतून खडखड ऐकू आली: वेल्ड नट सुटला होता. क्रॉस मेंबरच्या खालच्या अंगाला, कोपऱ्यांपासून आणि जोडाच्या शिवणीपासून दूर, ग्राइंडरने इंचभर चौकोनी खिडकी कापली. तीन बाजू कापून चौथी वाकवली, म्हणजे झाकण तिथेच राहतं. आतून नटाला पाना लावून धरला आणि बाहेरून बोल्ट फिरवून काढला. नवीन नट त्याच जागी बोल्टावर सरळ रेषेत धरून वेल्ड केला, झाकण परत बसवून शिवण भरली, झिंक प्रायमरचे दोन हात दिले. हे काम नीट काम करणाऱ्या वेल्डरकडूनच करून घ्या. क्रॉस मेंबर आधीच गंजून पापुद्रे सुटत असतील, हातोडीच्या ठोक्याला खणखणीत आवाज न येता भद्द आवाज येत असेल, तर खिडकी कापण्याच्या फंदात न पडता तो बदलायचा.

मागच्या बुशचे बोल्ट उभे होते आणि तेल वरून आत गेलं असल्याने ते बऱ्यापैकी मुकाट्याने निघाले.

चिमटे पूर्ण जोडीच घेतले. नुसता बुश लेथवाल्याकडे प्रेसवर बदलता येतो, दीडशे-दोनशे रुपयांत, पण या चिमट्यात बॉल जॉइंट अंगचाच आहे आणि तोही गेलेला होता. माल मागवायला आठवडाभर लागला. एक चिमटा आला तो उजव्याच्या खोक्यात डावा. बसवायच्या आधी जुना आणि नवा शेजारी ठेवून भोकांचं अंतर बघायला पाच मिनिटं लागतात. बोल्ट ग्रेड १०.९ चेच, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट किंवा चकचकीत स्टेनलेस इथे चालत नाही.

प्रत्येक नटातून त्याच मापाचा आणि पिचचा (आट्यांमधल्या अंतराचा) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हाताने फिरवून जुना गंज काढला. मापात गफलत नको: १२ मिमीत १.२५ आणि १.५ असे दोन पिच सर्रास दिसतात, चुकीचा टॅप आटे खाऊन टाकतो. बोल्टाच्या दांड्याला आणि बुशच्या नळीत आतून कॉपर ग्रीस लावलं, पुढच्या वेळेसाठी. आटे कोरडे ठेवले. आट्यांना ग्रीस लावलं की त्याच टॉर्कला, म्हणजे आवळायच्या जोराला, बोल्ट जास्त ताणला जातो. टॉर्कचे आकडे आपल्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यायचे.

आणि बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चिमटा लोंबकळत असताना आवळला की गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो, आणि नवा बुश वर्षभरात फाटतो. बोल्ट हाताने बसवून गाडी चाकांवर उतरवली, पुढून दोन-चारदा दाबून बसू दिली, मगच टॉर्क पान्याने शेवटचा आवळा. पुष्कळ गॅरेजांत हे होत नाही. काम करून घेताना समोर उभं राहून तेवढं तरी बघा.

खर्चाचा हिशेब असा: दोन चिमटे ५,६००, लिंक रॉड जोडी १,३००, बोल्ट-नट ७४०, स्प्रे, डिस्क, हॅक्सॉची पानं, ग्रीस आणि प्रायमर मिळून १,१५०, गॅस आणि वेल्डिंगवाला १,२००, मिस्तरींची मजुरी ३,५००, अलाइनमेंट ५००. म्हणजे १३,९९०. अलाइनमेंट लगेच करून घेतली, कारण चिमटा बदलला की चाकांचा कोन बदलतो आणि नवे टायर एका कडेने झिजतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जळगाव आरटीओत तपासणी. सोबत नमुना २५, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार, चॅसिस क्रमांकाची पेन्सिलने घेतलेली छाप. बँकेचा बोजा आरसीवर तसाच असेल तर आधी तो उतरवावा लागतो, प्रलंबित ई-चलान भरावं लागतं, आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी नसेल तर तीही आधीच. छाप घ्यायच्या जागेवरची माती घरूनच घासून जा. तिथे रांगेत उभं राहून गुडघ्यावर बसून घासण्यात सकाळ जाते. तपासणीत दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक आणि स्टिअरिंगचा खेळ पाहिला. रांगेतल्या चिंतेच्या मानाने प्रत्यक्ष तपासणी लवकर आटोपली. नवी आरसी टपालाने आली, मुदत पाच वर्षांची.

५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने पाहिले. वेल्ड केलेल्या उजव्या बाजूवर खास नजर. मागच्या शॉकॲबचे खालचे बोल्ट अजून जुनेच आहेत आणि त्यांचीही तीच अवस्था आहे. त्यांना आताच घासून तेल द्यायला सुरुवात केली आहे, खडूने फुली मारून झाली आहे, आणि नवे बोल्ट डिकीत आणून ठेवले आहेत. ते काम उन्हं तापायच्या आत, फेब्रुवारीत.